वहिनीची वाकडी तार

वहिनीनं शिवलेल्या कपड्याची उलटी बाजूही सुलटीसारखी दिसते, असं गिऱ्हाइकं म्हणत आणि वहिनीला ते ऐकायला फार आवडे. त्यामुळे नणंदेच्या गिटारसाठी तिनं घरीच, जुन्या रेडिओत असत तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर जोडायला घेतला, तेव्हा आतल्या तारा एका रेषेत, मेणाच्या दोऱ्यानं बांधलेल्या असणार हे ओघानंच आलं. विकतच्या यंत्राचं पोट इतकं देखणं नसतं.

पण आवाज अर्ध्याच्या पुढे नेला की हा देखणा डबा शिट्टी मारत केकाटायचा. गिटारला कुणी हात लावलेला नसतानाही.

संध्याकाळी नणंदेचा पहिला जाहीर कार्यक्रम होता. "दुपारपर्यंत जमलं तर तुझाच नेईन वहिनी, नाहीतर भाड्याचा सांगून ठेवलाय," ती म्हणाली होती. गोड बोलली, म्हणूनच जास्त लागलं. एवढं जिवाचं रान करून शेवटी भाड्याच्या खोक्यासमोर टाळ्या वाजवत बसायचं, ही कल्पनाच वहिनीला सहन होईना.

तिनं व्हॉल्व्ह बदलून पाहिले, सगळे सांधे पुन्हा सोल्डर केले. शिट्टी जागच्या जागी.

"गिटार हवीय कशाला?" नवरा दारातून म्हणाला. "हा एकटाच मैफल करेल."

"तुम्ही चहा ठेवा जरा."

आत जिवावर बेतेल एवढी वीज खेळत होती. झटका छातीतून जाऊ नये म्हणून वहिनीनं एक हात पाठीमागे ठेवला आणि दुसऱ्या हातानं विणकामाची लाकडी सुई घेऊन एकेक तार हलकेच ढकलत गेली. गिटारकडून येणाऱ्या तारेला सुई लागली आणि शिट्टीचा सूर खाली आला. आणखी बाजूला सारली, तर शिट्टी गप्प.

तिनं वाकून पाहिलं. त्याच जुडीत, खांद्याला खांदा लावून, मोठा झालेला आवाज बाहेर नेणारी तार बांधलेली. तिचा आवाज शेजारणीत झिरपायचा, पुन्हा मोठा होऊन फिरून तिथंच यायचा.

"माझ्या नीटनेटकेपणानंच माती खाल्ली," ती म्हणाली.

"मग आता?"

"आता उसवायचं."

बटण बंद करून, आत साठलेली वीज उतरवून तिनं दोरा कापला. कापताना वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा. गिटारकडची तार तिनं वेगळी काढून कोपऱ्यातून वाकडीतिकडी नेली.

नणंद आली, तिनं गिटार जोडली आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. बारीकशी खरखर, बाकी शांतता. मग तिनं तारा छेडल्या, आणि टाचण्यांचा डबा टेबलावर थरथरत सरकू लागला. नवऱ्यानं हातातला कप खाली ठेवला. वहिनीला स्वतःचा इतका अभिमान वाटला की तिनं तो लपवायचीही तसदी घेतली नाही.

"मधेच ही एक वाकडी कशी गं?" आत डोकावत नणंदेनं विचारलं.

"तिला हात लावशील तर बघ."

नणंदेनं फोन लावला. "भाड्याचा नको आता. माझ्या वहिनीनं केलाय." मग फोन ठेवून म्हणाली, "तू आत्ताच माझ्याबरोबर चल, तिथं बिघडला तर?"

"बिघडणार नाही," वहिनी ठणकावून म्हणाली, आणि कपडे बदलायला आत पळाली.