माफ केलेली पाणीपट्टी

कौसाबाई सरपंच झाल्या त्या एका शब्दावर. पाणीपट्टी घेणार नाही, घरपट्टीसाठी कुणाच्या दारात जाणार नाही. नवरा सुकलाल छाती काढून सांगायचा, "दिल्लीना पैसा येस. आपन कसाले भराना?" गावालाही ते पटलं. फुकटचं कुणाला नको असतं?

खरंच तीन वर्षं केंद्राच्या निधीतून पंपाचं वीजबिल भागलं. यंदा हप्ता अडकला. ग्रामपंचायतीच्या तिजोरीत स्वतःचा म्हणावा असा छदाम नव्हता. पंपाची वीज तोडली आणि नळ कोरडे पडले. तालुक्याच्या साहेबांनी कौसाबाईंना एवढंच विचारलं, "हप्ता येईल तेव्हा येईल. तुमची वसुली किती?"

बाया तापीवरून पाणी आणू लागल्या. एकट्या राहणाऱ्या दिवलीबाई हंडा घेऊन घाटावर घसरल्या आणि त्यांचा पाय मोडला.

आता वसुलीशिवाय गत्यंतर नव्हतं. सुकलाल म्हणाला, "शब्द फिरावशी ते गाव थुंकी." कौसाबाईंनी ऐकलं नाही. पहिली पावती स्वतःच्या घराची फाडली, सुकलालला पैसे भरायला लावले आणि गावात निघाल्या. दिवलीबाईंच्या दारावरून मात्र त्या मान वळवून पुढे चालल्या होत्या. मोडल्या पायाच्या म्हातारीकडे कुठल्या तोंडाने मागायचं?

"कौसा, मन्हं घर कसं काय सोडं?" आतून हाक आली.

त्या आत गेल्या. खाटेशी बसून म्हणाल्या, "माय, तुन्हाकडथीन नही लेवाव. मन्हामुळेच व्हयनं हाई."

"पह्यले मी पट्टी भरत व्हतू," दिवलीबाई म्हणाल्या, "आनि नळ चुकना का चावडीवर जाईसनी भांडत व्हतू. तू पट्टी माफ करी, तवयपाशीन मन्हं तोंड बंद व्हयनं. फुकटनं पाणी पीसनी कोन बोली?"

आपण उपकार केले, असं कौसाबाईंना इतके दिवस वाटत होतं. फार लाज वाटली त्यांना.

म्हातारीने उशाखालून नोटा काढून पुढे केल्या. कौसाबाईंनी पावती लिहिली. दिवलीबाईंनी ती घडी घालून कनवटीला खोचली आणि बऱ्याच दिवसांनी आवाज चढवला.

"आते आयक. नळले पाणी नही उनं, ते खाटसगट तुन्हा दारम्हा यीसनी पडसू."