जटेखालची खूण

पौर्णिमाची स्कूटी फाटकाशी थांबली की बत्तासा आधी जीव तोडून भुंकायचा, मग तिच्या पिशवीत तोंड घालून शाम्पूची बाटली हुंगायचा आणि आंघोळीची वेळ आली हे कळलं की दिवाणाखाली पळायचा. दर महिन्याचं हे ठरलेलं होतं. त्या रविवारी मात्र फाटकाची कडी वाजली, पौर्णिमा ओसरीपर्यंत येऊन पोचली, तरी आतून काही आवाज आला नाही.

"झोपला काय?" तिनं विचारलं.

"दोन दिवस झाले, असाच पडून राह्यते," वैजयंती पदराला हात पुसत बाहेर आली. "थंडी सुरू झाली ना, म्हणून आसंन. तू तुयं काम करून घे."

पौर्णिमा वाशीमजवळच्या मालेगावची. पुण्यात कुत्र्या-मांजरांच्या एका सलूनमध्ये तिनं चार वर्षं काम केलं होतं. वडिलांची, म्हणजे पोस्टातून रिटायर झालेल्या देवमन यांची, हृदयाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा ती घरी परतली आणि इथंच घरोघर जाऊन तेच काम करू लागली. आधी लोक हसले. कुत्र्याची कटिंग करायले बाई येते, म्हणून गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावायच्या. पण वाशीमची एक पर्शियन मांजर, मंगरूळपीरचे दोन लॅब्राडोर असं करत करत तिची डायरी भरत गेली. जऊळक्यातलं जगदेवचं घर तिच्या पहिल्या घरांपैकी एक. शेतीचा मोठा पसारा, माणसं तीनच: जगदेव, त्याची बायको वैजयंती आणि नऊ वर्षांची संस्कृती. बत्तासा हा त्या पोरीचा कुत्रा. पांढरा, झुपकेदार, बसला की खरंच बत्ताशासारखा दिसायचा.

जगदेव मनानं वाईट माणूस नव्हता. पण त्याचा हात आधी उठायचा आणि विचार मागून यायचा. पौर्णिमानं एकदा ते पाहिलं होतं. संस्कृतीच्या हातून फाटकाची किल्ली हरवली तेव्हा तिच्या दंडावर चार बोटं उठली होती, आणि वैजयंती जणू रोजचंच आहे अशा चेहऱ्यानं त्यावर खोबरेल चोळत होती.

दिवाळीच्या महिन्यात वडिलांच्या आजारपणामुळे पौर्णिमाची एक खेप चुकली होती. म्हणजे बत्ताशाला दोन महिन्यांत कंगवा लागलेला नव्हता. तिनं त्याला मागच्या अंगणात, लिंबाच्या झाडाखाली, नळाजवळच्या फरशीवर आणलं. तो ओढत ओढत आला. मागच्या पायांत जोर नव्हता. तिनं सवयीनं रबरी हातमोजे चढवले आणि तारांचा ब्रश पाठीवरून फिरवायला सुरुवात केली. पाठ ठीक होती. पोट ठीक होतं. उजव्या मांडीवर मात्र ब्रश अडला. केसांची घट्ट जट झाली होती, हाताला वाळलेल्या चिखलासारखी लागत होती. आणि तिथं हात लागताच बत्ताशानं मान वळवून त्या जागेला चावायला सुरुवात केली. तिच्या हाताला नव्हे, स्वतःच्याच मांडीला. खसाखसा, थांबायचं नाव न घेता.

"बत्तासा, ए राजा, सोड," ती म्हणाली.

तो भुंकायला गेला. भुंकणं निघालंच नाही, फाटक्या भोंग्यातून यावी तशी घरघर आली.

पौर्णिमाचा हात थांबला. तिनं त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. खालचा जबडा लोंबत होता. हनुवटीचे केस ओले होते आणि लाळेची तार फरशीपर्यंत आली होती. शेजारी पाण्याचं भांडं होतं. बत्ताशानं त्यात तोंड घातलं, जीभ हलवली, पण घोट काही उतरला नाही. सगळं पाणी होतं तसं परत सांडलं.

पुण्यात कामाला लागण्याआधी मालकिणीनं तिला दंडावर तीन सुया घ्यायला लावल्या होत्या, आणि एक म्हातारे जनावरांचे डॉक्टर येऊन सगळ्या मुलींना अर्धा दिवस बोलले होते. ते म्हणाले होते, पिसाळलेला कुत्रा दर वेळी धावून येतो असं समजू नका. कधी तो नुसता गप्प होतो. कधी त्याच्या घशात काही अडकलंय असं वाटतं. त्या कुत्र्याच्या तोंडात हात घालणारा माणूस मी माझ्या डोळ्यांनी जाताना पाहिला आहे.

तिनं लांब दांड्याची कात्री घेतली आणि जट हलकेच कापून बाजूला केली. खाली कातडीवर भरून आलेली खूण होती. वर दोन खड्डे, खाली दोन. ते दातच होते. दुसऱ्या जनावराचे.

तिनं बत्ताशाला लिंबाला आखूड बांधलं, हातमोजे उलटे करून काढले, कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. दार ओढून घेऊन ती स्वयंपाकघरात आली.

"वहिनी, कुत्रा बाहेर कधी गेल्ता?"

"बाहेर? कुठी जाईन तो? फाटकाले कुलूप राह्यते. ह्यायचा नियमच हाये."

संस्कृती दारात उभी होती. पौर्णिमानं तिच्याकडे पाहिलं. पोरीनं डावा हात फ्रॉकच्या घोळात लपवला.

"संस्कृती, इकडं ये. हात दाखव मले."

तर्जनीला पट्टी होती. वैजयंतीनं ती खसकन ओढली. नखाच्या बाजूला खरचटल्यासारखी लाल रेघ होती.

"पोळी देत होती त्याले," संस्कृती पुटपुटली. "शुक्रवारी. दात लागला. जास्त नाई लागला."

वैजयंतीला अजून कळलं नव्हतं. पौर्णिमानं तिला काहीच सांगत न बसता आधी पोरीला मोरीत नेलं, नळ सोडला, मोबाईलवर पंधरा मिनिटांचं घड्याळ लावलं आणि ते बोट साबणानं धुवायला घेतलं. वैजयंती जगदेवला बोलवायला फोन शोधत आत गेली तशी पोरगी हळूच बोलली.

"ताई, गेट म्या उघडलं होतं."

"कधी?"

"दिवाळीत. आई-बाबा बाजारात गेल्ते. मले शेजारी फुलबाज्या दाखवाच्या होत्या. एक लाल कुत्रा आला, अन् त्यानं बत्ताशाले धरलं. म्या डेटॉल लावलं. वरून केस सारखे केले, म्हणजे दिसणार नाई." तिनं ओल्या हातानं पौर्णिमाचं मनगट धरलं. "बाबाले गेटचं नका सांगू. ताई, नका सांगू ना."

तिच्या दंडावरची ती चार बोटं पौर्णिमाला आठवली. "नाई सांगत," ती म्हणाली.

जगदेव अर्ध्या तासात शेतातून आला. बुटाला चिखल, खांद्यावर शेला. पौर्णिमानं त्याला सगळं सांगितलं. जबडा सांगितला, आवाज सांगितला, मांडीवरचे दात सांगितले. तो ऐकून घेत होता, पण ते कानात शिरत नव्हतं.

"हाड अडकलं हाये त्याच्या नरड्यात," तो म्हणाला. "काल रात्री म्या हात घालून पायलं. हा असा, इथपर्यंत. सापडलं नाई."

त्याच्या उजव्या हाताच्या बोटांवर मोटारीचा पाना निसटून सोललेल्या जखमा होत्या. काल-परवाच्याच, अजून ओल्या.

"भाऊ, तुमी बी चला दवाखान्यात. आत्ताच."

"मले काय झालं? अन् त्याचं कार्ड हाये, सुई मारेल हाये त्याले."

"पिल्लू होता तेव्हाची एकच हाये भाऊ. दरवर्षी लागते."

"आवं, पण त्याले चावलं कोण? हा कुत्रा घराच्या बाहेर पाय टाकत नाई. खिळा लागला आसंन, नाईतर तुयीच कात्री लागली आसंन मागच्या बारीले. कुत्र्याचे केस कापता कापता डाक्टरीन झाली काय तू?"

वैजयंतीच्या पाठीमागून संस्कृती पौर्णिमाकडे बघत होती. डोळ्यांची पापणी हलत नव्हती तिची. एका वाक्याचं काम होतं. पौर्णिमाच्या जिभेवर ते वाक्य आलं, आणि तिनं ते गिळलं. पोरीचं बोट तर सगळ्यांना दिसलंच होतं, सुया तर तिला मिळणारच होत्या. मग गेटचं सांगून काय मिळवायचं, असा तिनं मनाशी हिशेब केला.

वैजयंतीनं मात्र नवऱ्याची वाट पाहिली नाही. चप्पल पायात घातली, पोरीला उचललं आणि पौर्णिमाच्या स्कूटीवर मागं बसली. मालेगावच्या दवाखान्यातून त्यांना वाशीमला पाठवलं. तिथं डॉक्टरांनी जखमेच्या आतच औषध सोडलं, तेव्हा संस्कृती किंचाळली, आणि दंडावर पहिली सुई दिली. पुढच्या तारखांचं कार्ड लिहून दिलं. पुण्यात आधी सुया झाल्या होत्या म्हणून पौर्णिमाला दोनच लागणार होत्या; त्यातली पहिली तिनंही तिथंच घेतली. डॉक्टर म्हणाले, घरात आणखी कुणी कुत्र्याच्या लाळेत हात घातला असेल तर आजच आणा.

वैजयंतीनं संध्याकाळी नवऱ्यापुढे जेवणाचं ताट ठेवलं नाही. सुई घेतल्याशिवाय ठेवणार नाही म्हणाली. लग्नाला बारा वर्षं झाली होती, असं ती पहिल्यांदाच बोलली. जगदेव चिडला, भांडं फेकलं, पण दुसऱ्या दिवशी जाऊन आला.

जनावरांचे डॉक्टर आले, लांबूनच बघून म्हणाले, हात लावू नका. बत्तासा मंगळवारी दुपारी मेला. डोकं तपासायला पाठवू, नक्की काय ते कळेल, असं डॉक्टर म्हणाले. जगदेव म्हणाला, माझ्या पोरीच्या कुत्र्याचं मुंडकं मी कापू देणार नाही. त्यानं स्वतः बांधावर खड्डा खणला आणि बत्ताशाला मातीआड केलं. त्यामुळे आजार कोणता होता ते कागदावर कधी आलंच नाही, आणि जगदेवला तेवढं पुरलं.

"कागद दाखवा मले," तो म्हणायचा. "कुत्रा बाहेर गेला नाई, त्याले कोणी चावलं नाई, हाडानं मेला तो. एक सुई घेतली ना? बस झालं."

हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस होते. दुसरी सुई राहिली, तिसरीही राहिली. पौर्णिमानं दोनदा फोन केला. पहिल्यांदा त्यानं तोडून बोलून ठेवला, दुसऱ्यांदा उचलला नाही. संस्कृतीच्या मात्र सगळ्या सुया वेळेवर झाल्या.

डिसेंबर गेला. संक्रांतीला वैजयंतीनं पौर्णिमाच्या घरी तिळगूळ पाठवला. सगळं शांत होतं, पण पौर्णिमाला ती शांतता खात होती. ती कुणाच्या दारात मांजराची नखं कापत बसलेली असायची आणि डोळ्यांपुढे सोललेली चार बोटं यायची.

जानेवारीच्या शेवटी एका सकाळी तिचा फोन वाजला. जगदेवनं स्वतःहून तिला कधीच फोन केला नव्हता.

"पौर्णिमा," तो म्हणाला. "उजव्या हाताले मुंग्या येऊन राह्यल्या. चार दिवस झाले. खाजवलं तर थांबत नाई, पार खांद्यापर्यंत चढते. थंडीनं होते काय असं?"

त्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी हेही सांगितलं होतं. आणि यापुढं काय असतं, तेही सांगितलं होतं.

"भाऊ, गाडी काढाले लावा. आत्ता."

"तू सांग ना, थंडीनं होते काय?" आवाजातला तोरा गेला होता. लहान पोरासारखा विचारत होता तो. "सकाळी चहा घेतला, तर घोट नरड्यातच अडकला. एकदम दचकल्यावानी झालं."

"वहिनीले फोन द्या," ती म्हणाली.

त्याला अकोल्याला नेलं. पाचव्या दिवशी तो गेला. शेवटचे दोन दिवस पेला जवळ आणला तरी तो ओरडायचा, आणि खोलीतला पंखा बंद ठेवावा लागायचा, कारण वारा लागला तरी त्याचं अंग वाकडं व्हायचं.

तेरवी झाल्यावर पौर्णिमा जऊळक्याला गेली. स्वयंपाकघरात वैजयंती तूर पाखडत बसली होती. पौर्णिमा तिच्यासमोर भिंतीला टेकून बसली.

"वहिनी, मले एक सांगायचं हाये. त्या रोजी मले माहीत होतं. दिवाळीत गेट उघडं राह्यलं होतं अन् बत्ताशाले कुत्रं चावलं होतं. संस्कृतीनं मले सांगतलं होतं. म्या भाऊले बोलली नाई. बोलली असती तर त्यायनं बाकीच्या सुया घेतल्या असत्या."

सूप थांबलं नाही.

"मले बी माहीत होतं," वैजयंती म्हणाली.

"कवापासून?" पौर्णिमानं विचारलं.

"दवाखान्याच्या लाईनमंदीच पोरीनं सांगतलं. त्यायनं पहिली सुई घेतली तवा म्या म्हटलं, आता घेतीनच बाकीच्या. कायले सांगायचं? पोट्टीची चामडी काढली असती." तिनं तुरीतला खडा वेचून बाजूला टाकला. "दुसऱ्या सुईच्या रोजी ते जेवत होते. मले म्हणे, खरं सांग, कुत्रा कधी बाहेर गेल्ता काय? म्या तोंड उघडलं होतं, पौर्णिमा. मंग त्यायच्या हाताकडं पायलं, अन् बंद केलं. म्हटलं, नाई जी, कुठी जाईन तो."

बाहेर ओसरीवर संस्कृती दप्तर उघडून, त्यांच्याकडे पाठ करून बसली होती. स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. आतलं बोलणं तिला ऐकू गेलं की नाही, ते त्या पाठीवरून कळत नव्हतं. फक्त तिची पेन्सिल वहीवर टेकलेली होती, आणि हलत नव्हती.