नीळकंठाची अट

शशिकांतराव गेले, असं रंजनाबाई कुणाला म्हणू देत नसत. दसऱ्याच्या सकाळी ते पालपिट्टा बघायला काचीगुड्याच्या घरातून बाहेर पडले आणि अजून परतले नाहीत, एवढंच त्या सांगत. या गोष्टीला चार वर्षं होत आली होती.

पालपिट्टा म्हणजे आपला नीळकंठ. दसऱ्याला तो दिसला की वर्ष चांगलं जातं, ही इकडच्या तेलुगू लोकांची श्रद्धा. पुण्याहून नोकरीसाठी आलेल्या या जोडप्यानं ती हळूहळू आपलीशी केली होती. आपटा मिळेना तेव्हा शमीची पानं सोनं म्हणून वाटू लागले, तसंच हेही. दर दसऱ्याला दोघं विद्यापीठाच्या झाडीत जात. त्या वर्षी श्रीखंड घोटायचं राहिलं होतं म्हणून रंजनाबाई म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे, मी येतेच." शशिकांतरावांचं विसरणं तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. कधी चष्मा विसरत, कधी गल्ली.

मग ठाणी झाली, दवाखाने झाले, जिथं जाऊ नये त्या थंड खोल्याही पाहून झाल्या. माणूस सापडला नाही आणि देहही नाही. श्राद्ध कुणाचं घालायचं? मंगळसूत्र गळ्यातच राहिलं. दुपारी जेवणाच्या वेळेला जिन्यात चपला घासत आल्यासारखा आवाज होई. रंजनाबाई दार उघडत. जिना रिकामा असे. तरी दार त्या लगेच लोटत नसत. आत यायला कुणाला जेवढा वेळ लागेल तेवढं उघडं ठेवत.

मुलगा अभिजीत पुण्याहून येई आणि तेच बोलणं निघे.

"आई, एकटी कशाला राहतेस? चल माझ्याबरोबर."

"आणि ते आले तर? कुलूप बघून माघारी जातील."

तो एकटाच पुण्याला परते. पण यंदा नवरात्रात तो हट्टालाच पेटला, तेव्हा रंजनाबाई देव्हाऱ्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "दसऱ्याला पालपिट्टा दिसला, तर योगेश्वरीची आज्ञा समजेन आणि येईन."

झाडी तुटून तिथं इमारती उठल्या होत्या. गेल्या तीन दसऱ्यांत त्यांना निळं पीसही दिसलं नव्हतं. अट देवीला घातली खरी, पण तिनं ती पुरी करू नये अशा बेतानंच घातली होती.

दसऱ्याला दोघं गेले. ऊन चढेपर्यंत झाडाझाडाखाली फिरले. कावळे, साळुंक्या, एक तांबट. रंजनाबाईंचा जीव निवांत होत चालला. तेवढ्यात शमीच्या झाडाखाली गर्दी दिसली. एक माणूस पिंजरा उंच धरून उभा होता आणि लोक रांगेनं येऊन हात जोडत होते. पिंजऱ्यात नीळकंठ होता.

"दिसला," अभिजीत म्हणाला. "चल आता, सामान बांधू."

"वा रे! असा विकतचा देव चालत असता तर तुझी मुंजही बाजारातून आणली असती. उडता दिसायला हवा."

अभिजीतही तिचाच मुलगा. त्यानं पिंजरेवाल्याला बाजूला घेतलं, खिशात हात घातला.

"ले लेव अम्मा, छोड देव," असं म्हणत त्या माणसानं पक्षी रंजनाबाईंच्या ओंजळीत ठेवला. लोक कोंडाळं करून उभे राहिले. उजवीकडे उडतो की डावीकडे, तो शकुन सगळ्यांना बघायचा होता.

तो उडेना. पंखांना बारीक दोरा गुंडाळलेला होता. रंजनाबाईंनी नखानं तो सोडवला. पक्ष्याचं काळीज त्यांच्या बोटांवर धडधडत होतं. डोळ्यांत नुसतं भय. शुभ, अशुभ, त्याला काय ठाऊक? लोकांना हव्या त्या दिवशी, हव्या त्या झाडाखाली दिसावा म्हणून कुणीतरी त्याला धरून आणलं होतं. आपणही देवीला असंच धरून आणलं, हे त्यांना कळलं.

इथंच उभे राहून शशिकांतराव मान वर करत. काही दिसो न दिसो, हात जोडत. "अहो, कावळ्याला काय नमस्कार करता?" असं त्या एकदा हसल्या होत्या. "पाठवणारा तोच ना," ते म्हणाले होते. "त्यानं दाखवलं ते बघायचं आणि चालू लागायचं."

रंजनाबाईंनी पक्षी शमीच्या फांदीवर ठेवला आणि त्याच्याकडे पाठ करून चालू लागल्या.

पंखांचा फडफडाट झाला. लोक एकदम बोलू लागले. अभिजीत धावत मागून आला.

"आई, उडाला! कुठं गेला माहितीये?"

"सांगू नकोस."

"अगं, पण तुझी अट..."

"मागे घेतली. तिकिटं काढ."

"म्हणजे खूण मिळाली तुला?"

"नाही मिळाली," त्या म्हणाल्या. "खूण मिळाली तरच पाऊल टाकायचं, तर भरवसा कसला?"

चार दिवसांनी सामान खाली गेलं. शेजारची राणी किल्ली घ्यायला जिन्यात उभी होती.

"साब आले तर आधी पाणी दे," रंजनाबाई तिला म्हणाल्या. "कुठं होतात म्हणून विचारू नकोस. मग मला फोन लाव."

"हौ अम्मा. आणि नाही आले तर?"

"ते जिथं आहेत तिथं योगेश्वरी आहे. मी तरी दारात बसून काय राखत होते?"

दार ओढून त्यांनी कुलूप लावलं. किल्ली फिरली, आणि आत, रिकाम्या घरात, खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. जेवायला बसताना सरकते तसा.

राणीनं त्यांच्याकडे पाहिलं. म्हणजे तिलाही ऐकू आला होता.

रंजनाबाईंनी कुलपावर हात ठेवला.

"येते हं," त्या दाराला म्हणाल्या, आणि किल्ली काढून राणीच्या हातावर ठेवली.