उत्तर न सांगण्याची पद्धत

मुलाने प्रश्न विचारला की उत्तर सांगायचं नाही, तोच प्रश्न त्याच्याकडे परत द्यायचा आणि गप्प बसायचं, एवढ्या एका गोष्टीवर बाईंनी सगळी कारकीर्द उभी केली होती. शिक्षणसंशोधन संस्थेत त्यांचा दबदबा होता. शिक्षकाची जीभ वळवळली की मुलाचं डोकं बंद पडतं, असं त्या प्रशिक्षणात बजावून सांगत. शिक्षक माना डोलवायचे आणि वर्गात जाऊन उत्तरं सांगून मोकळे व्हायचे, ते सोडा. पण जिथे पद्धत नीट पाळली गेली, तिथली मुलं खरोखरच विचार करायला लागली.

खोड मात्र बाईंना लागली. ऑफिसात कुणी चहा घेणार का विचारलं, तरी त्या म्हणायच्या, "तुम्हाला काय वाटतं?" लोक हसायचे. पुढे पुढे चहाचं विचारणंच बंद झालं. डबाही त्या आपल्या खोलीत, चाचण्यांच्या गठ्ठ्यांशेजारी एकट्याच खायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. बोलायला उरली होती एक लेक, आणि आता तिला दोन नोकऱ्या चालून आल्या होत्या. एक याच गावात, दुसरी विमानाने जावं लागेल इतकी लांब. ती जाऊ नये, असं बाईंना मनापासून वाटत होतं.

रविवारी शेंगा निवडता निवडता लेकीने विषय काढला. लांबच्या नोकरीत पगार जास्त, पण आवडीचं काम इथलंच, असं म्हणून ती थांबली.

"आई, तुला काय वाटतं? कुठली घेऊ?"

इथली घे, हे शब्द बाईंच्या अगदी ओठांवर आले होते. पण जन्माची सवय आडवी आली.

"तुला काय वाटतं?" असं म्हणून त्या गप्प बसल्या. चेहराही कोरा ठेवला, कारण उत्तर चेहऱ्यावर दिसलं तरी पद्धत फसते. लेक त्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग "ठीक आहे" म्हणून आतल्या खोलीत गेली. चला, पोरगी विचार करायला लागली, असं बाईंना वाटलं.

थोड्या वेळाने ती बाहेर आली ती दोन्हीकडे कळवूनच. लांबच्यांना हो, इथल्यांना नाही.

बाईंचा धीर सुटला. "अगं, मला तू इथे हवी होतीस. मी एकटी काय करू?"

"लहानपणी तू गप्प बसलीस की मला माहीत असायचं, तुला उत्तर ठाऊक आहे," लेक म्हणाली. "आज वाटलं, तुला काही फरकच पडत नाही. मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?"

बाई गप्प बसल्या. या प्रश्नाचं उत्तर त्यांना खरंच येत नव्हतं.