सायलेन्सर गार होईपर्यंत

एटापल्ली जवळ आली होती. जंगलातल्या चढावर मोटरसायकलचा आवाज एकाएकी फाटला. सायलेन्सर इंजिनाला जिथे जोडलेला असतो, तिथूनच धूर फटफट करत बाहेर येऊ लागला. गुलाबभाऊंनी गाडी रस्त्याकडेच्या मोहाच्या झाडाखाली नेऊन उभी केली.

मागे बसलेली त्यांची मुलगी हर्षा खाली उतरली. एटापल्लीपलीकडच्या एका खेड्यात आरोग्यसेविका म्हणून ती आज रुजू होणार होती. काल दोघं सिंदेवाहीहून निघाले, आलापल्लीला नात्यातल्या घरी मुक्काम केला आणि सकाळी पुन्हा वाटेला लागले. वाटभर वडील फारसं बोलले नव्हते. इतक्या दूर पोरीने राहावं हे त्यांना पटतच नव्हतं.

"पाह्य बाई," ते आता म्हणाले, "गाडीच नाई म्हणून राह्यली. चाल, वापस जाऊ."

"गाडी काही म्हणत नाई, बाबा. नट ढिले झाले."

सायलेन्सरच्या तोंडाशी दोन नट होते. बाहेरचा नुसता सैल होता. आतला, चौकटीच्या नळीमागे दडलेला, आट्याच्या टोकावर कसाबसा लोंबकळत होता. गुलाबभाऊंनी हात घालून पाहिला. सांधेदुखीने सुजलेली त्यांची बोटं नळीपाशीच अडली, आणि सायलेन्सरच्या तापलेल्या नळाचा चटका बसला.

"गार होऊ द्या," हर्षा म्हणाली.

वडील बुंध्याला टेकले आणि तोंडावर दुपट्टा घेऊन पडले. इंजिन थांबल्यावर जंगल किती जवळ आलं होतं! मोहाची फुलं टप टप गळत होती. खाली पिवळसर सडा पडला होता, आणि त्याचा गोड, जड वास डोक्यात शिरत होता. सागाच्या वाळल्या पानांवरून ऊन सरकत होतं. हर्षाला वाटलं, आपण कुठे निघालो होतो तेच आता आठवायचं नाही. तापलेला नळ गार होताना टिक टिक करत होता. ते ऐकता ऐकता तिचाही डोळा लागला.

जागी झाली तेव्हा नळ नुसता कोमट होता. तिने डिकीतून नट आत बसवून कसायची पान्याची गोटी आणि तिची लांब दांडी काढली. वाकडा लोंबकळणारा आतला नट आधी आपल्या बारीक बोटांनी काढून घेतला. पण तो गोटीत टिकेना, नळीमागे नेताना दर वेळी मातीत पडे. शेवटी तिने मोहाचं एक फूल चुरडलं, त्याचा चिकट गर गोटीत भरला आणि त्यात नट बसवला. मग ती गाडीला चिकटून आडवी झाली आणि खालून हात आत घातला. मनगट नळीमागे गेलं, कोपर वळलं. नट आट्यावर चढतोय असं वाटलं, तेवढ्यात हातातलं कडं चौकटीत अडकलं.

आणि पानं वाजली.

चाकांच्या आऱ्यांमधून तिला एक काळं, केसाळ अंग दिसलं. अस्वल होतं. ते मोहाखाली, झोपलेल्या वडिलांपासून थोड्याच अंतरावर बसलं आणि फूत्कार टाकत एकेक फूल ओढून खाऊ लागलं. हात ओढला तर कडं वाजणार होतं. ती तशीच पडून राहिली. भीती होती, पण ती कुठेतरी लांब, पाण्याखाली असल्यासारखी. अस्वलाच्या नाकाला फुलाची पाकळी चिकटली होती. एकदा त्याने मान वर केली, तिच्याकडे पाहिलं, की नुसतंच उन्हाकडे पाहिलं, कोण जाणे. मग ते उठलं आणि डुलत डुलत उतरणीला लागलं.

तिने बोटं जुळवून कडं सोडवलं. नट आट्यावर बसला होता. वळून पाहते तर वडिलांचा दुपट्टा डोळ्यांखाली आलेला. ते टक्क जागे होते.

"बाबा! तुम्ही पाह्यलं?"

"पाह्यलं. मी उठलो असतो त ते तुझ्या अंगावर आलं असतं. तू काऊन ओरडली नाई?"

"तुम्ही झोपून होते ना."

गुलाबभाऊ जवळ येऊन बसले आणि त्यांनी बाहेरच्या नटावर पाना लावला.

"एकच कसू नको. थोडा तुझा, थोडा माझा."

दोघांनी आळीपाळीने फेरे दिले. नळ तोंडाशी सरळ बसला. हर्षाने किक मारली. आवाज भरीव आला, धूर मागूनच निघाला.

"चालव तूच," ते म्हणाले आणि मागे बसले.

दुपारी खेड्यातल्या उपकेंद्रासमोर त्यांनी तिची बॅग उतरवून दिली, आतली खोली पाहिली, खिडकीची कडी ओढून बघितली. मग त्यांनी एटापल्लीची बस कुठे थांबते ते विचारलं.

"बस काऊन? गाडी आहे ना?"

"गाडी इथीच राहू दे," गुलाबभाऊ म्हणाले. "तुले गावोगाव फिरा लागल."

हर्षाने त्यांचा दुपट्टा नीट खांद्यावर घातला. ते सावकाश, एकदाही न थांबता, लाल मातीच्या रस्त्याने चालत गेले.