दगडाची पाठ

"उचलण्याआधी बाण काढायचा. उत्तर दिशा कुठे ते दगडावर रंगवायचं, मगच हात लावायचा. जागेवरून हलला की तो नुसता धोंडा."

सर जाऊन वर्ष होत आलं, तरी हा आवाज हातोडीच्या कानातून गेला नव्हता. हातोडी हे नाव ती विद्यार्थिनी असताना त्यांनीच ठेवलेलं. ती भूशास्त्र खात्यात नोकरीला लागली तरी तेच चिकटलं.

आज संग्रहालयाच्या दालनात सरांचा दगड तेल पाजून चकचकीत उभा होता, आणि शेजारी त्याहून चकचकीत, सरांचे जावई. खात्यात सगळे त्यांना जावईबापूच म्हणत. सासऱ्यांची खुर्ची त्यांनी भरली होती, डोकं तेवढं भरायचं राहिलं होतं.

"बाण कुठाय?" तिने हळूच विचारलं.

"कसला बाण? लढाईवर निघालोय का आपण?" आपल्या विनोदावर जावईबापू आपणच हसले.

ती दगडाच्या मागे गेली. बर्फाचा लोंढा खडकावरून सरकताना समोरची बाजू घासून गुळगुळीत करतो आणि जाताना पाठ ओरबाडून नेतो. ही ओरबाडलेली पाठ जागेवर डोंगराच्या बाजूला पाहूनच सरांनी ताडलं होतं, की बर्फ डोंगराकडून आलाच नाही, माळाकडून आला. म्हणजे आजच्या सपाट माळावर कधीकाळी या डोंगराहून मोठा डोंगर होता. त्या पाठीवर आता सिमेंटचा गिलावा होता.

"खडबडीत होतं हो. पाहुण्यांपुढे बरं दिसत नाही."

"मग बर्फ कुठून आला म्हणायचं?"

"डोंगराकडून. फलकावर कोरलंय तसं. म्हाताऱ्याचा माळावरचा डोंगर पटणार कुणाला? आणि हो, माळावरचा याच्या जोडीचा दगड उद्या क्रेन आणतेय. दाराच्या दोन बाजूंना दोन, काय शोभतील!"

माणसाला दगड म्हणायला हातोडीची जीभ कधी वळली नव्हती. आजही वळली नाही. दगडाचा अपमान नको.

जावईबापू भाषणाला उभे राहिले. ती पहिल्या रांगेत काकूंशेजारी, सरांच्या पत्नीशेजारी, जाऊन बसली.

"पोरी, तो गिलावा कुणी केला गं?"

"तुमच्या जावयांनी."

काकूंनी डोळे मिटले. "लेकीला तेव्हाच म्हटलं होतं, स्थळ दिसायला बरंय. तेवढंच बरंय." मग आवाज आणखी खाली आला. "जोडीचा आहे ना अजून जागेवर?"

"उद्यापर्यंत."

"त्यांच्या उशाशी बसून काय शब्द दिला होतास?"

"त्याच्यावरची माती काढून पाठीची दिशा मोजीन, आणि चारचौघांपुढे मांडीन."

"मग इथे काय ऐकत बसलीस?"

जावईबापू डोंगराकडे हात करत होते. खरं तर तिकडे स्वच्छतागृह होतं. लोक टाळ्या वाजवत होते. हातोडीने पिशवीत हात घालून होकायंत्र, ब्रश आणि रंगाची डबी चाचपली, काकूंच्या पायांना हात लावला आणि मागच्या दाराने माळाच्या रस्त्याला लागली.