अंगाईला कुणाची मनाई?

पंचनादय्यरांचं प्रत्येक गाणं आधी कनकूच्या गळ्यातून जायचं, मग जगात. ते ओट्यावर बसून ओळ जुळवायचे आणि लेक आत तांदूळ निवडता निवडता ती गाऊन बघायची. तिचा आवाज जिथं अडखळे तिथं चूक आपली, हे ते मुकाट्यानं मान्य करत. मग ती लग्न होऊन कुंभकोणमला गेली. सासूनं, तैलम्माळनं, पहिल्याच दिवशी बजावलं, "आमच्या घरात सुना गात नाहीत." तेव्हापासून अय्यरांचं एकही गाणं तडीस गेलं नाही. पल्लवी, म्हणजे गाण्याची पहिली ओळ, सुचायची, पुढं सगळं ठप्प. शिष्य जीव तोडून गायचे, पण अय्यरांना हवा असलेला आवाज काही त्यात सापडत नसे.

नातू झाल्याचा निरोप आला आणि म्हाताऱ्याच्या डोक्यात लबाडी शिरली. गाण्याला बंदी असेल, पण अंगाईला कुठली सासू नाही म्हणणार? त्यांनी नीलांबरी रागात अंगाई बांधली आणि कनकूच्या गळ्याला शोभतील अशा सगळ्या अवघड जागा तीत लपवल्या.

लेकीकडे राहिले तितके दिवस ते नातवाची झोळी हलवत तीच गात होते. तैलम्माळला हसू यायचं.

"काय हो अय्यर, दरबारात गाणारे तुम्ही, आणि इथं पोरं झोपवताय?"

"विहीणबाई, दरबारातही लोक झोपायचेच. तिथं वाईट वाटायचं, एवढंच."

स्वयंपाकघरात कनकू ताक घुसळत असे. सूर मात्र धरत नसे.

परतायच्या दुपारी बैलगाडी दाराशी आली. अय्यर हळूच म्हणाले, "कनकू, एकदा तरी गा गं."

"अप्पा, तुम्ही निघून जाल. मला इथंच राहायचंय," ती म्हणाली आणि पाया पडली.

ते ओट्यावर येऊन वहाणा शोधू लागले, तोच आतून अंगाई ऐकू आली. वहाणा सोडून ते खिडकीशी आले. पण आवाज तैलम्माळचा होता, फुटक्या मडक्यासारखा. दुसऱ्याच ओळीला ती अडली.

"अगं, पुढं काय? पोर किरकिरतंय. तुझ्या बापानं चाल तरी काय वाकडी बांधलीय. म्हण की तू."

मग कनकू गायला लागली.

आवाज गंजला होता. तरी दुसऱ्या ओळीत तिनं एक वळण असं घेतलं, जे अय्यरांनी बांधलंच नव्हतं, आणि ते त्यांच्या वळणापेक्षा सरस होतं. म्हणजे पोरगी इतके दिवस मनातल्या मनात गातच होती. अय्यरांना रडू आवरेना. आत जावं, गाताना तिचं तोंड बघावं असं फार फार वाटलं. पण ते आत गेले असते तर ती थांबली असती, म्हणून ते खिडकीशीच उभे राहिले.

गाडीवानानं हाक मारली. गाणं थांबलं.

"थांबलीस कशाला?" तैलम्माळ म्हणाली. "गा पुढं. अजून जागाच आहे तो."

खिडकीतून कनकू दिसत नव्हती, झोळी दिसत होती. पोर केव्हाच गाढ झोपलं होतं, आणि तैलम्माळ भिंतीला टेकून, डोळे मिटून बसली होती.